विजेचा सूर पांढरी पाच: फोंड्यातल्या एका घरातलं आठ चॅनल डॅकचं प्रकरण

पार्श्वभूमी

ज्यांच्या घरी हे सगळं झालं त्यांना मी सरच म्हणणार, शाळेत त्यांच्या हाताखाली शिकलोय आणि अजूनही त्यांच्यासमोर बसलो की पाठ आपोआप ताठ होते. नाव-गाव देत नाही, फोंडा तालुका एवढं पुरे. चिऱ्यांचं जुनं घर, वर मंगळुरी कौलं, मागे कुळागर, म्हणजे पोफळींची बाग. सर रिटायर्ड, देवळातल्या भजनाला पेटीवर साथ करतात, आणि गाणं ऐकायची खोली त्यांनी इतकी वर्षं हळूहळू जमवत आणलेली. पुढे दोन उभे स्पीकर, मध्ये सेंटर, मागच्या भिंतीजवळ दोन छोटे आणि कोपऱ्यात सबवूफर. म्हणजे ५.१.

गाणी मिनी पीसीवर. तिथून एचडीएमआयनं एव्हीआरला (सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणारा अँप) आणि एव्हीआरमधून स्पीकरना, अशी साधी सरळ व्यवस्था होती. गेल्या पावसाळ्यात एव्हीआरचा एचडीएमआय बोर्ड गेला. दुरुस्तीवाल्यानं चार दिवस ठेवून घेतला आणि बोर्ड मिळत नाही म्हणून परत दिला. अकरा वर्षं चालला, तक्रार करण्यासारखं काही नाही.

त्याच सुमारास मडगावचे एक डॉक्टर, सरांचे भजनाचे दोस्त, म्हणाले माझ्याकडे पाच चॅनलचा पॉवर अँप पडून आहे, घेऊन जा. मग सरांच्या डोक्यात शिरलं की नवीन एव्हीआर कशाला, पीसीमधून यूएसबीनं एक मल्टिचॅनल डॅक (डिजिटल गाण्याचा अँपला चालेल असा सिग्नल करणारा कन्व्हर्टर) लावू, त्यातून सरळ पॉवर अँपला. कल्पना चांगलीच होती. मला फोन आला तो "कुठला डॅक चांगला वाजतो ते येऊन ऐकून सांग" एवढ्यासाठी. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमावाला, असल्या कामाला कोणी बोलावलं की नाही म्हणवत नाही.

अडचण नक्की काय होती

सरांच्या मते प्रश्न एकच, आवाज कुणाचा चांगला. माझ्या मते तीन प्रश्न होते आणि आवाज त्यातला शेवटचा. एव्हीआर गेला म्हणजे नुसता कन्व्हर्टर गेला नाही, तो गुपचूप बाकीची जी कामं करत होता ती पण गेली. सगळ्या चॅनलचा एकत्र व्हॉल्यूम, छोट्या स्पीकरचा बेस काढून सबला देणं, आणि जवळच्या स्पीकरचा आवाज थोडा उशिरा सोडणं. सरांच्या खुर्चीपासून पुढचे स्पीकर ३.१ मीटरवर आणि मागचे १.७ मीटरवर, फरक १.४ मीटर. आवाजाला एक मीटर जायला जवळजवळ ३ मिलीसेकंद लागतात म्हणजे मागचा आवाज ४ मिलीसेकंद आधी पोचणार. शिवाय एलएफई चॅनल, म्हणजे ५.१ मधला फक्त खोल बेसचा '.१', तो वाजवताना बाकीच्यांपेक्षा १० डेसिबल वर वाजवायचा असतो, हे काम पण एव्हीआर न सांगता करत असतो.

हे सगळं मिनी पीसीवरच्या सॉफ्टवेअरमध्ये करता येतं, पण कोणीतरी बसून करावं लागतं. हे मी पहिल्याच दिवशी बोललो. सरांनी मान हलवली आणि म्हणाले, "ते होईल रे, आधी डॅकचं बघ."

पर्याय

नवीन एव्हीआर हा सगळ्यात बिनडोक आणि खरं तर सगळ्यात शहाणा पर्याय होता. सरांनी तो दोन मिनिटांत बाजूला केला, कारण डॉक्टरांचा अँप फुकट आलेला.

तीन वेगवेगळे स्टीरिओ डॅक लावायचे आणि सहा चॅनल करायचे, हा सरांच्या पुतण्याचा सल्ला. पुतण्या पर्वरीला आयटीत आहे. स्वस्त पडलं असतं, पण प्रत्येक डॅकचं घड्याळ वेगळं. दोन घड्याळांत ५० पीपीएमचा, म्हणजे दहा लाखात ५० चा, फरक धरला तरी मिनिटाला ३ मिलीसेकंद सरकतं, म्हणजे दहा मिनिटांचा ख्याल संपेपर्यंत मागचे स्पीकर ३० मिलीसेकंद लांब गेलेले. मल्टिचॅनल डॅक घ्यायचं मुख्य कारण हेच, सगळी चॅनल एकाच घड्याळावर चालतात. बाकी जाहिरातीत काही का लिहिलेलं असेना.

उरले तीन डबे. नावं मुद्दाम देत नाही, कारण हे कंपनीचं प्रकरण नाही. पहिला लहान, आठ आरसीए (साधे एका पिनेचे) आउटपुट, २ व्होल्ट, बटण नाही, रिमोट नाही. दुसरा मोठा, आठ बॅलन्स्ड (तीन पिनांचे, एक्सएलआर) आउटपुट, ४ व्होल्ट, सगळ्या चॅनलचा एकत्र व्हॉल्यूम आणि रिमोट, किंमत पहिल्याच्या तिप्पट. तिसरा म्हणजे फोंड्यातल्या एका रेकॉर्डिंगवाल्या मित्राचा स्टुडिओ इंटरफेस, त्याला दहा लाइन आउटपुट. तो दोन दिवसांसाठी उसना आणलेला, आणि त्याला परत हवा होता म्हणून त्याच्याबद्दल फार लिहीत नाही, चांगला वाजला, व्हॉल्यूमचा कारभार सरांना झेपला नसता.

सर स्पेसिफिकेशनचे कागद प्रिंट काढून बसले होते, लाल पेननं खुणा करून, पेपर तपासल्यासारखे. एकात डिस्टॉर्शन-नॉइजचा आकडा (जितका मोठा तितका आवाज स्वच्छ) १०८ डेसिबल, दुसऱ्यात १२०. मी म्हटलं सर, तुमचा वूफर जोरात वाजला की एक टक्का तरी वाकडा वाजतो, म्हणजे उणे ४० डेसिबल, आणि वर कौलांवर पाऊस. १०८ आणि १२० मधला फरक ऐकायला ही खोली कुठून आणायची? सरांना ते आवडलं नाही. अजून एक गोष्ट, ईएस ९०३८ प्रो सारखी चिप मुळात आठ चॅनलचीच असते, स्टीरिओ डॅकमध्ये तीच चिप चार-चार चॅनल एकत्र जोडून वापरतात, त्यानं नॉइज कागदावर ६ डेसिबलनं उतरतो. त्यामुळे तीच चिप आठ चॅनलच्या डब्यात असली की आकडा थोडा कमी दिसतो. त्यात डब्याचा दोष काही नसतो.

पहिली तुलना, जी फसली

रविवारी संध्याकाळी सर, डॉक्टर, पुतण्या आणि मी. आधी लहान डबा, मग मोठा. मोठा लावल्यावर डॉक्टर म्हणाले पडदा सरकवल्यासारखं झालं. सर म्हणाले, "तबल्याची शाई ऐकू येते आता." मी पण म्हटलं हो, खोटं कशाला बोलू, मला पण तसंच वाटलं.

मग मला शंका आली म्हणून मल्टिमीटर काढला. स्पीकरच्या टर्मिनलला लावून एकच टोन दोन्हीतून वाजवला. लहान डबा १.४१ व्होल्ट, मोठा २.८२. बरोबर दुप्पट, ६ डेसिबल. बॅलन्स्ड आउटपुट ४ व्होल्टचं, आरसीए २ व्होल्टचं, आणि या अँपमध्ये दोन्ही इनपुटना गेन सारखाच. मोठा आवाज माणसाला चांगलाच वाटतो, त्यात कानाचं काही चुकत नाही. आमचं चुकलं ते एवढंच की मीटर माझ्या बॅगेतच होता आणि तो मी चहा झाल्यावर काढला. पाऊण तास चाललेली तबल्याच्या शाईची चर्चा फुकट गेली.

त्याच संध्याकाळी अजून दोन घोळ. पुतण्यानं मिनी पीसीवर लिनक्स टाकलं होतं, आणि तिथला चॅनलचा क्रम आणि विंडोजचा क्रम वेगळा. विंडोजमध्ये पुढचे दोन, मग सेंटर, एलएफई, मग मागचे. लिनक्समध्ये बऱ्याचदा पुढचे दोन, मग मागचे, मग सेंटर. परिणाम काय, तर गायिकेचा आवाज आमच्या मानेमागून यायला लागला आणि डॉक्टर दचकून वळून बघायला लागले. ते निस्तरायला पुन्हा विंडोज टाकलं, आणि विंडोजनं रात्री साडेनऊला अपडेटची टिंग केली, लहान डब्याला व्हॉल्यूमचं बटण नसल्यामुळे पूर्ण ताकदीनं, पाचही स्पीकरमधून. बाहेर कुत्रे भुंकले, काकी आतून हातात डाव घेऊनच आल्या. "काय फुटलं?" एवढंच विचारलं. काही फुटलं नव्हतं, ट्वीटर वाचले हे नशीब. त्यानंतर प्लेअर एक्सक्लुझिव्ह मोडमध्ये (डॅक फक्त प्लेअरच्या ताब्यात) लावला आणि विंडोजचे सगळे आवाज बंद केले. खरं तर हे आधी करायचं असतं.

दुसरी तुलना, जी वेगळ्या कारणानं फसली

पुढच्या रविवारी नीट. मोठ्या डब्याचा आवाज मीटर लावून ०.१ डेसिबलच्या आत उतरवला. अँपच्या मागे प्रत्येक चॅनलला आरसीए-एक्सएलआर असा खटका होता, त्यामुळे दोन्ही डबे जोडून ठेवता आले. फक्त पुढचे दोन स्पीकर. पुतण्या अँपच्या मागे बसून नाणं उडवणार, खटका हलवणार, आणि कधी कधी दोनदा हलवून परत तिथेच आणणार म्हणजे खट् आवाजावरून काही कळू नये. सोळा वेळा. सोळापैकी बारा बरोबर आले तर नुसत्या नशिबानं तसं होण्याची शक्यता ४ टक्क्यांच्या आत असते, म्हणून बारा ही रेघ ठरवली.

सरांचे पंधरा बरोबर आले.

पंधरा! डॉक्टरांनी टाळी वाजवली. सर माझ्याकडे असे बघत होते की जणू मी गृहपाठ न करता आलोय. मी विचारलं सर, ओळखलंत कशावरून? ते म्हणाले, "लहान डब्यात तानपुऱ्याच्या खाली काहीतरी भरीव आहे. श्वास घेतल्यासारखं हलतं ते. मोठ्यात ते नाही." म्हणजे तोपर्यंत सरांचं मत फिरलं होतं, त्यांना आता लहान डबाच जास्त आवडत होता, उबदार वाटत होता.

श्वास घेतल्यासारखं हलतं हे वाक्य माझ्या डोक्यात अडकलं. गाणं बंद केलं, काकींना पंखा बंद करायला सांगितला आणि स्पीकरला कान लावला. बारीक हम, सततची घरघर. गाण्यात कळणार नाही इतका बारीक. सरांनी पण कान लावला, मग उठून पेटी घेतली, भाता मारला आणि एकेक पट्टी दाबत गेले. पांढरी पाचवर, म्हणजे सप्तकातल्या पाचव्या पांढऱ्या पट्टीवर थांबले. "इथेच आहे, पण किंचित चढा."

बरोबरच होतं. आपली वीज ५० हर्ट्झची, तिचा हम ५० आणि १०० हर्ट्झवर येतो. खालची पांढरी पाच ९८ हर्ट्झ. आणि आम्ही जे ऐकत होतो त्या गायकाचा सा पांढरी एकचा, म्हणजे तानपुऱ्याची पहिली तार मंद्र पंचम (सा च्या खालचा प), ती पण ९८. आता ९८ आणि १०० एकत्र वाजले की सेकंदाला दोन हेलकावे येणारच. सरांना जो तानपुऱ्याचा श्वास वाटला तो विजेचा आणि पंचमाचा झगडा होता. इतक्या वर्षांच्या पेटीच्या कानाला दाद द्यावी लागेल, मला ते आयुष्यात सापडलं नसतं.

काय केलं

आधी चाचणी. मिनी पीसी काढून माझा लॅपटॉप लावला, चार्जर न जोडता, नुसत्या बॅटरीवर. हम गायब. चार्जर जोडला की परत हजर. म्हणजे डॅक निर्दोष, अर्थिंगचा लफडा.

झालं होतं असं की पीसीचा प्लग खिडकीजवळच्या जुन्या पॉइंटवर आणि अँप एसीसाठी नंतर ओढलेल्या वायरवर. दोघांच्या अर्थची वाट वेगळी. पीसीच्या सप्लायमधून थोडा करंट अर्थकडे गळतच असतो, त्याला जमिनीत जायला नीट रस्ता मिळाला नाही की तो आरसीए केबलच्या जाळीतून अँपकडे जातो. आणि आरसीएत ती जाळीच सिग्नलची परतीची वाट, त्यामुळे हम गाण्यात मिसळतो. बॅलन्स्ड केबलमध्ये सिग्नल दोन तारांच्या फरकात असतो, दोन्हीवर सारखा आलेला हम वजा होतो. म्हणून मोठा डबा स्वच्छ.

इथे तीन सल्ले आले. वायरमन म्हणाला तिसरी पिन काढून टाका, हम जाईल. जाईल, आणि एखाद्या दिवशी अँपमध्ये काही सुटलं तर बॉडीला हात लावणारा पण जाईल. हा सल्ला इतक्या घरांत इतक्या सहज दिला जातो की मला आता राग पण येत नाही. दुसरा सल्ला पुतण्याचा, यूएसबी आयसोलेटर (यूएसबी केबलमधली अर्थची वाट तोडणारा डबा), तो त्यानं मागवला सुद्धा. स्वस्तातला, १२ मेगाबिटचा. आठ चॅनल, २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला १८ मेगाबिटच्या वर जातं आणि असले डॅक हायस्पीड यूएसबी मागतात, त्यामुळे कॉम्प्युटरला डॅक दिसलाच नाही. तो आयसोलेटर अजून ड्रॉवरमध्ये आहे. तिसरा माझा, सगळं एकाच सोळा अँपिअरच्या पॉइंटवर आणा. ते केलं, हम बराच उतरला पण गेला नाही.

मग अर्थचा खड्डा बघितला. मे महिना, चिऱ्याची जमीन, खड्डा ठणठणीत कोरडा, वर काकींच्या मोगऱ्याची कुंडी. न्यूट्रल आणि अर्थमध्ये ११ व्होल्ट दाखवत होते, दोन-तीनच्या आत हवेत. सरांना वाटलं मीठ-कोळसा घालून रोज बादलीभर पाणी ओतू. काकी म्हणाल्या, "आणि ओतणार कोण? कुळागरात पाटाचं पाणी बारा महिने असतं, तिथे करा ना खड्डा." आम्ही चौघं पुरुष तीन आठवडे डोकं लावत होतो. नवीन अर्थ पोफळींच्या कडेला पाटाजवळ घातली, जाड वायर ओढून आणली, दोन दिवसांचं काम. मोजलं तर दीड व्होल्ट. हम शून्य. सर पेटी घेऊन बसले होते, काही सापडेना.

निकाल

तिसऱ्यांदा तीच आंधळी चाचणी. सर सोळापैकी नऊ, डॉक्टर सात, मी आठ. नाणं उडवून पण एवढेच आले असते. सर बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "म्हणजे दोन्ही पास."

त्यानंतर सॉफ्टवेअरमध्ये मागच्या स्पीकरना ४ मिलीसेकंद उशीर दिला, त्यांचा ८० हर्ट्झखालचा बेस सबकडे वळवला, एलएफई १० डेसिबल वर आणला. हे काम एका दुपारचं, आणि यानं जो फरक पडला तो ऐकायला डोळे बांधायची गरज नव्हती. खोलीची रुंदी ३.६ मीटर, म्हणजे ४८ हर्ट्झच्या आसपास खोली स्वतःच घुमते. मायक्रोफोन लावून मोजलं तर तिथे डोंगरच होता, तो पण कापला.

आणि घेतला कुठला? मी लहान म्हणालो, दोन तृतीयांश पैसे वाचले असते. सरांनी मोठा घेतला. कारण रिमोट आणि व्हॉल्यूमचं बटण, ती रात्रीची टिंग ते विसरले नव्हते. मला तिप्पट किंमत अजून पटलेली नाही, पण कारण खरं होतं, आवाजाचं सोंग त्यात नव्हतं, म्हणून मी वाद घातला नाही.

परत करायचं झालं तर

मी पहिल्या दिवशी मल्टिमीटर आधी अर्थिंगला लावेन, मग स्पीकरला, डबे नंतर उघडेन. आमच्या क्रमामुळे लहान डबा परत करायची मुदत पुतण्याचा आयसोलेटर यायची वाट बघण्यात गेली आणि तो शेवटी डॉक्टरांनी थोड्या तोट्यात घेतला. एव्हीआर कोणकोणती कामं करत होता त्याची यादी तो दुरुस्तीला देण्याआधी, म्हणजे सेटिंगचे आकडे दिसत होते तेव्हाच, लिहून घ्यायला हवी होती. टेप घेऊन अंतरं परत मोजावी लागली.

दुसऱ्या चाचणीबद्दल मला अजून थोडं वाईट वाटतं. पंधरा आल्यावर मी "कशावरून ओळखलंत" विचारलं हे नशीब, नाहीतर तो आकडा बघून मी पण मान्य केलं असतं की दोन डॅकच्या आवाजात फरक आहे. आकडा खराच होता, फरक पण खरा होता, फक्त तो डॅकचा नव्हता. आणि पावसाळा. आरसीएच्या पिनांवर आमच्याकडे दोन पावसांत हिरवट थर चढतो, लहान डबा घेतला असता तर दरवर्षी त्या पुसाव्या लागल्या असत्या. हा मुद्दा मला निर्णयाच्या वेळी सुचला नाही, सरांच्या बाजूनं होता तो.

आता कसं चाललंय

पाच चॅनलच्या रेकॉर्डिंग सरांकडे मोजून अकरा. त्या पहिल्या महिन्यात सगळ्या ऐकून झाल्या. बाकी सगळा संग्रह स्टीरिओ, आणि त्यातला सरांच्या जिव्हाळ्याचा भाग तर मोनो, जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून उतरवलेला. आमच्याच तालुक्यातल्या केरीच्या केसरबाई. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी गेली तिच्यावर त्यांचा आवाज आहे, हे सर नवीन माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगतात.

तर परवा गेलो होतो तेव्हा सरांनी एक नवीन सेटिंग दाखवलं, पुतण्याकडून करून घेतलेलं. मोनो फाइल लागली की ती फक्त सेंटरमधून वाजते, बाकी सगळे गप्प. दोन स्पीकरमधून मोनो वाजवला की प्रत्येक कानाला दोन्हीकडून किंचित मागेपुढे तोच आवाज येतो आणि २ किलोहर्ट्झच्या आसपास थोडा खड्डा पडतो, गळ्याची धार तिथेच असते. एका स्पीकरमधून ती धार सरळ येते. डोळे न बांधता ऐकलं, लेव्हल पण जुळवली नव्हती, म्हणून शपथेवर काही सांगत नाही. पण आठ चॅनलच्या डब्याचं एकच चॅनल चालू होतं, बाहेर पाऊस, आणि सर म्हणाले थांब, अस्ताईवर येऊ दे, मग चहा.